शस्त्रक्रियेने मधुमेह ‘कायमचा बरा’? : एका कात्रणाची चिकित्सा

दिवाळीची सुट्टी संपवून मुले वसतिगृहात परतली, त्या दिवशीची गोष्ट. आठवीतील एका विद्यार्थ्याचे वडील मुलाची पेटी खोलीत ठेवून आमच्याकडे आले. ‘जय भीम’ झाल्यावर त्यांनी खिशातून वृत्तपत्राचे घडी घातलेले कात्रण काढले. मधुमेहावर शस्त्रक्रियेने कायमची मात, गोळ्या आणि इन्शुलिन बंद, अशा आशयाचा त्याचा मथळा होता. खाली एका हसऱ्या रुग्णाचे छायाचित्र आणि तळाशी मोबाईल क्रमांक. “सर, येकदाच काय ते पैसं जाऊ द्या, पण ही रोजची सुई तरी सुटंल,” ते म्हणाले. गावाकडील वीस गुंठे जमीन गहाण टाकून पतसंस्थेचे कर्ज काढण्याचे त्यांनी जवळजवळ ठरविले होते. आमच्याकडून त्यांना एवढेच हवे होते, की कात्रणात लिहिले आहे ते खरे की खोटे, हे आम्ही सांगावे.

आम्ही इतिहासाचे शिक्षक. वैद्यक हा आमचा विषय नव्हे. तथापि इतिहासाच्या अभ्यासकास एक सवय लागलेली असते. कागद समोर आला की तो कोणी लिहिला, कोणासाठी लिहिला, केव्हा लिहिला आणि त्यात काय सांगावयाचे टाळले, हे तो आधी पाहतो. त्याच सवयीने आम्ही ते कात्रण वाचले. पुढील काही महिन्यांत या विषयावर जे वाचले आणि जाणकार डॉक्टरांकडून जे समजून घेतले, ते या स्मरणिकेच्या वाचकांपुढे ठेवीत आहोत. भारतीय वैद्यकीय अनुसंधान परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि सुमारे १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. म्हणजे असे कात्रण खिशात घेऊन फिरणारा पालक हा काही एकटा नाही.

शस्त्रक्रिया खोटी नाही

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. ही शस्त्रक्रिया म्हणजे भोंदूगिरी नव्हे. तिच्यामागे तीस वर्षांहून अधिक काळाचे संशोधन आहे. मुळात ती अतिलठ्ठपणा कमी करण्यासाठी निघाली. तिचे दोन प्रकार अधिक प्रचलित आहेत. ‘स्लीव्ह’ या प्रकारात जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग कापून काढतात आणि उरते ती एक अरुंद नळी. ‘गॅस्ट्रिक बायपास’ या प्रकारात जठराच्या वरच्या टोकाशी एक लहानशी पिशवी तयार करून ती थेट लहान आतड्याच्या पुढील भागास जोडतात. खाल्लेले अन्न मग उरलेले जठर आणि आतड्याचा आरंभीचा भाग टाळून पुढे जाते.

अशा रुग्णांची साखर वजन पुरेसे उतरण्याच्या आधीच, कित्येकदा काही दिवसांतच खाली येते, हे डॉक्टरांच्या ध्यानात आले. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना राज्यातील शल्यचिकित्सक वॉल्टर पोरीस यांनी १९९५ मध्ये आपल्या रुग्णांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. मधुमेह असलेल्या १४६ अतिलठ्ठ रुग्णांपैकी १२१ जणांची साखर बायपासनंतर सर्वसाधारण पातळीवर राहिली, असे त्यात नोंदविले आहे. या शोधाचे त्यांना स्वतःलाच इतके आश्चर्य वाटले, की ते त्यांच्या निबंधाच्या शीर्षकातही उतरले आहे.

असे का होते, याची काही कारणे आता कळली आहेत. आहार एकाएकी फार कमी होतो, त्यामुळे यकृतात साठलेली चरबी वेगाने उतरते. अन्न आतड्याच्या पुढील भागात लवकर पोहोचल्याने तेथून इन्शुलिनला साहाय्य करणारी संप्रेरके अधिक स्रवतात. पुढे वजन घटते, तसे शरीर इन्शुलिनला पुन्हा प्रतिसाद देऊ लागते. थोडक्यात, बातमीतील घटना खरी असू शकते. हसऱ्या छायाचित्रातील रुग्णाच्या गोळ्या खरोखरच बंद झालेल्या असतील. आमचा आक्षेप आहे तो ‘कायमचा’ आणि ‘बरा’ या दोन शब्दांना.

‘बरा’ नव्हे, ‘शमन’

डॉक्टर आपापसांत या स्थितीला ‘रेमिशन’ म्हणतात. आपण तिला ‘शमन’ म्हणू. जगातील चार प्रमुख मधुमेह व संप्रेरकविषयक संस्थांनी २०२१ मध्ये तिची व्याख्या निश्चित केली. साखर कमी करणारी सर्व औषधे थांबवून किमान तीन महिने झाल्यावरही एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर दर्शविणारा आकडा, ६.५ टक्क्यांच्या खाली असेल, तर त्यास शमन म्हणावे. ‘बरा झाला’ हा शब्द त्यांनी जाणीवपूर्वक टाळला. साखर पुन्हा वाढू शकते आणि पूर्वी झालेली हानी तशीच राहू शकते. म्हणून शमनाच्या काळातही डोळे, मूत्रपिंड व पाय यांची नियमित तपासणी चालू ठेवावी, असे त्यांचे म्हणणे आहे.

चुलीतील निखारा राखेने झाकला की वर धग जाणवत नाही. पण चूल विझली असे घरातील बाई कधी म्हणत नाही. शमन आणि बरे होणे यांत नेमका तेवढा फरक आहे. संशोधकाच्या निबंधात ‘शमन’ असते. रुग्णालयाच्या पत्रकात त्याचे ‘मुक्ती’ होते आणि वृत्तपत्राच्या मथळ्यात ‘कायमची मात’. प्रत्येक पायरीवर एकच शब्द बदलतो, आणि शेवटच्या पायरीवर एका माणसाची वीस गुंठे जमीन गहाण पडते.

किती काळासाठी?

कात्रण हाती आले की पहिला प्रश्न विचारावयाचा तो काळाचा. शस्त्रक्रियेनंतर किती महिन्यांनी अथवा वर्षांनी ही बातमी लिहिली आहे?

रोम येथील संशोधकांनी अतिलठ्ठ आणि किमान पाच वर्षे मधुमेह असलेल्या ६० रुग्णांचे २०-२० चे तीन गट केले. एकास केवळ औषधोपचार, दुसऱ्यावर बायपास, तिसऱ्यावर आतड्याचा आणखी मोठा भाग वगळणारी शस्त्रक्रिया. दोन वर्षांनंतरचे निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. औषधांच्या गटात एकाचेही शमन झाले नव्हते; बायपासच्या गटात ७५ टक्के व तिसऱ्या गटात ९५ टक्के रुग्णांचे झाले होते. जगभरच्या वृत्तपत्रांनी ही वार्ता उचलून धरली, आणि ती धरण्याजोगी होतीच. पण त्याच रुग्णांचे दहा वर्षांनंतरचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा ७५ चे २५ आणि ९५ चे ५० टक्के झालेले होते. या दुसऱ्या वार्तेस मथळा फारसा मिळाला नाही.

स्वीडनमधील दीर्घकालीन अभ्यासाची कथाही अशीच आहे. तेथे शस्त्रक्रिया झालेल्या मधुमेही रुग्णांत दोन वर्षांनंतर शमनाचे प्रमाण ७२ टक्के होते. पंधरा वर्षांनंतर ज्यांची तपासणी होऊ शकली, त्यांच्यात ते ३० टक्क्यांवर आले. अमेरिकेतील क्लीव्हलँड येथील प्रयोगात यशाची कसोटी निराळी होती. तेथे एचबीए१सी ६ टक्के वा त्याहून कमी असणे, ‘औषधांसह अथवा औषधांविना’, एवढेच पाहिले होते. त्या कसोटीवरही पाच वर्षांनंतर बायपास झालेल्यांपैकी २९ टक्के, स्लीव्ह झालेल्यांपैकी २३ टक्के आणि केवळ औषधे घेणाऱ्यांपैकी ५ टक्के रुग्ण उतरले.

हे आकडे दोन्ही बाजूंनी वाचले पाहिजेत, अन्यथा आम्हीही त्या कात्रणासारखेच अर्धे बोललो असे होईल. शस्त्रक्रियेचे गट प्रत्येक ठिकाणी औषधांच्या गटापेक्षा सरस ठरले आहेत. रोममध्ये ज्यांची साखर परतली, त्यांचीही ती पूर्वीइतकी अनावर राहिली नाही. स्वीडनमध्ये डोळे, मूत्रपिंड व नसा यांवरील दुष्परिणामांचे प्रमाण शस्त्रक्रिया न झालेल्यांच्या तुलनेत निम्म्यावर आले. अतिलठ्ठ मधुमेही माणसाला हा लाभ थोडा नव्हे. परंतु ‘दहा वर्षांनी चारांपैकी एकाची साखर औषधाविना आटोक्यात’ आणि ‘मधुमेह कायमचा बरा’ ही दोन वाक्ये एक नाहीत. पहिले ऐकून माणूस विचार करील. दुसरे ऐकून तो जमीन गहाण टाकील.

कोणावर?

दुसरा प्रश्न, हे प्रयोग कोणावर झाले? रोमच्या प्रयोगात बी.एम.आय., म्हणजे उंचीच्या प्रमाणात वजन दाखविणारा निर्देशांक, ३५ वा त्याहून अधिक असलेलेच रुग्ण होते. स्वीडनमध्ये पुरुषांसाठी तो ३४ आणि स्त्रियांसाठी ३८ वा अधिक असावा लागे. आकडा डोळ्यांसमोर यावा म्हणून सांगतो: साडेपाच फुटांच्या आसपास, म्हणजे १६५ सेंटिमीटर उंचीच्या पुरुषाचा बी.एम.आय. ३४ होण्यास त्याचे वजन सुमारे ९३ किलो असावे लागते.

मधुमेहावरील अनेक आंतरराष्ट्रीय संघटनांनी २०१६ मध्ये एकत्र येऊन काही मर्यादा सांगितल्या. बी.एम.आय. ४० वा अधिक असल्यास शस्त्रक्रियेची शिफारस करावी. ३५ ते ४० असून साखर आटोक्यात येत नसल्यासही करावी. ३० ते ३५ असेल आणि सर्व औषधे करूनही साखर हटत नसेल, तर विचार करावा. आशियाई लोकांसाठी हे आकडे २.५ ने कमी धरावेत. म्हणजे आपल्याकडील सर्वांत खालची मर्यादा २७.५, १६५ सेंटिमीटर उंचीस सुमारे ७५ किलो. आमच्यासमोर बसलेल्या पालकांची उंची तेवढीच होती आणि वजन ५४ किलो. बी.एम.आय. विसाच्याही खाली. मधुमेहाला बारा वर्षे झालेली आणि इन्शुलिन दिवसातून दोनदा.

या ठिकाणी आपल्याच महाराष्ट्रातील एका संशोधनाची आठवण होते. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. दोघांचाही बी.एम.आय. २२.३. मात्र शरीरातील चरबीचे प्रमाण युडकिन यांच्यात ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्यात २१.२ टक्के. वरून सडसडीत दिसणाऱ्या भारतीय देहात आतून चरबी कशी असते, हे त्या एका चित्राने जगाला दाखविले. डॉ. याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याच्या परिसरातील खेड्यांत १९९३ पासून गरोदर माता व त्यांची बालके यांचा अभ्यास चालविला. मातेच्या पोटातच झालेले कुपोषण पुढे मधुमेहाची वाट कशी तयार करते, हे त्यातून पुढे आले. आमच्या कर्जत तालुक्यासारख्या अवर्षणग्रस्त भागात ज्या पिढ्या दुष्काळात जन्मल्या, खडी फोडून आणि ऊस तोडून जगल्या, त्यांचा मधुमेह हा खाऊन-पिऊन सुस्तावलेल्या माणसाचा मधुमेह नव्हे. लठ्ठ रुग्णांवरील आकडे कृश मजुराला जसेच्या तसे लावता येत नाहीत.

यावर कोणी म्हणेल, की कमी वजनाच्या भारतीयांवरही हे प्रयोग झाले आहेत. झाले आहेत. पुण्याचे शल्यचिकित्सक डॉ. शशांक शहा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये असा एक अभ्यास प्रसिद्ध केला. २२ ते ३५ बी.एम.आय. असलेल्या १५ मधुमेही रुग्णांवर बायपास केला गेला आणि तीन महिन्यांनंतर त्यांपैकी एकालाही मधुमेहाचे औषध लागत नव्हते. निष्कर्ष लक्षणीय आहे, आणि संशोधकांनी शीर्षकात ‘रेमिशन’ हाच संयत शब्द वापरला आहे, याची नोंद घेतली पाहिजे. परंतु रुग्ण १५, सरासरी बी.एम.आय. सुमारे २९, तुलनेसाठी दुसरा गट नाही आणि पाठपुरावा नऊ महिन्यांचा. नऊ महिन्यांवरून दहा वर्षांचे भाकीत करता येत नाही, हे रोमने दाखवून दिले आहे. शिवाय मधुमेह जितका जुना, इन्शुलिनची गरज जितकी अधिक आणि स्वादुपिंडाची उरलेली शक्ती जितकी कमी, तितकी शमनाची शक्यता घटते, ही गोष्ट वेगवेगळ्या अभ्यासांतून वारंवार आढळली आहे. आमच्या पालकांचा मधुमेह बारा वर्षांचा होता.

जुनी बातमी, जुना मोह

‘मधुमेहावर इलाज सापडला’ ही बातमी आजची नाही. १९२१ च्या उन्हाळ्यात कॅनडातील टोरांटो येथे फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट यांनी इन्शुलिनवरील प्रयोग सुरू केले. जानेवारी १९२२ मध्ये मरणासन्न अवस्थेतील एका मुलाला ते टोचण्यात आले आणि त्याचे प्राण वाचले. मार्च १९२२ मध्येच टोरांटोच्या एका वृत्तपत्राने तेथील डॉक्टर मधुमेहाच्या इलाजाच्या मार्गावर असल्याचे छापले. १९२३ मध्ये बँटिंग यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्यानिमित्त १९२५ मध्ये दिलेल्या व्याख्यानात मात्र त्यांनीच सांगितले, की इन्शुलिनने मधुमेह बरा होत नाही. तो एक उपचार आहे. स्वतःच्या शोधाविषयी अतिशयोक्ती करण्याचा अधिकार जगात कोणाला असेल, तर तो बँटिंग यांना होता. त्यांनी तो वापरला नाही.

त्याच इन्शुलिनचा आधार बाबासाहेबांनाही घ्यावा लागला. १९४८ च्या आरंभी त्यांची प्रकृती फार ढासळली होती. मधुमेह होता, पायांतील वेदनांनी झोप येत नसे. मुंबईच्या डॉ. मालवणकरांच्या दवाखान्यात उपचार सुरू असतानाच डॉ. शारदा कबीर यांच्याशी त्यांचा परिचय वाढला आणि १५ एप्रिल १९४८ रोजी दिल्लीत उभयतांचा विवाह झाला. त्यानंतर माईसाहेबांनी पथ्य, औषध व इन्शुलिन यांची शिस्त सांभाळली. बाबासाहेबांचा मधुमेह बरा झाला नाही. अखेरपर्यंत तो सोबत राहिला. पण ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधानाचा मसुदा त्यांनी संविधान सभेपुढे मांडला तो या आजारासह, आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात लाखोंना धम्मदीक्षा दिली तीही या आजारासह. आमच्या विद्यार्थ्यांना आम्ही हे मुद्दाम सांगतो. कारण रोज सुई टोचून घेणाऱ्या बापाची मुलांना कधीकधी लाज वाटते. ती वाटण्याचे कारण नाही.

देहावरील सुरी परत घेता येत नाही

गोळी मानवली नाही तर बदलता येते. कापलेले जठर पुन्हा जोडता येत नाही. अमेरिकेतील दहा रुग्णालयांचा मिळून एक अहवाल २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. ४,७७६ शस्त्रक्रियांनंतरच्या तीस दिवसांत ०.३ टक्के रुग्ण दगावले आणि सुमारे ४ टक्क्यांना गंभीर गुंतागुंत झाली. अनुभवी हातांतील ही जोखीम फार मोठी नाही. पण खरा हिशेब पुढेच सुरू होतो. लोह, कॅल्शियम, ब-१२ व ड जीवनसत्त्वांच्या गोळ्या आयुष्यभर घ्याव्या लागतात, रक्ताच्या तपासण्या करीत राहाव्या लागतात, प्रथिनयुक्त आहार थोडा-थोडा पण नेमाने घ्यावा लागतो. सहा महिने ऊसतोडीसाठी कोपीवर राहणाऱ्या, भाकरी आणि मिरचीच्या ठेच्यावर दिवस काढणाऱ्या कुटुंबाने हे कसे सांभाळावे? ‘गोळ्या बंद’ म्हणणारे कात्रण या दुसऱ्या गोळ्यांविषयी अवाक्षर काढत नाही.

एका ऑपरेशनने सगळा त्रास संपेल, या वचनाचे काय होते, ते आमच्या शेजारच्या बीड जिल्ह्याने पाहिले आहे. तेथील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांची चौकशी करण्यासाठी शासनाने २०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी केलेल्या ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. ती शस्त्रक्रिया निराळी आणि तिची कारणेही निराळी, हे खरे. दोहोंची बरोबरी आम्ही करीत नाही. पण ज्याच्या हाती वेळ नाही, पैसा नाही आणि दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेण्याची सोय नाही, त्याच्यापुढे ‘एकदाच काय ते’ हा सौदा किती सहज मांडला जातो, हे त्या आकड्यांतून दिसते. म्हणूनच आमच्या पालकांच्या तोंडी तेच शब्द ऐकताच आम्ही चपापलो.

सांगणारा कोण?

शेवटचा प्रश्न सांगणाऱ्याविषयी. कात्रणाच्या तळाशी दूरध्वनी क्रमांक असेल, तर ती बातमी नसून बहुधा जाहिरात असते. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नीतिनियमांनुसार डॉक्टरांनी अथवा त्यांच्या संस्थांनी जाहिरातीद्वारे रुग्ण ओढणे अनैतिक ठरते. औषधांपुरते पाहिले तर १९५४ चा औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा आहे. ज्या रोगांवर उपायाची जाहिरात करण्यास त्यात मनाई आहे, त्यांच्या यादीत मधुमेहाचे नाव आहे. कायदा करणाऱ्यांनी हा रोग त्या यादीत घातला, कारण दीर्घ आजाराने थकलेला माणूस कोणत्याही आशेला किंमत मोजतो, हे तेव्हाही ठाऊक होते.

विमा कंपन्यांचा नियम पाहणेही उद्बोधक ठरते. विमा नियामक प्राधिकरणाच्या प्रमाणित अटींनुसार ही शस्त्रक्रिया विम्यात बसण्यासाठी बी.एम.आय. ४० वा अधिक असावा लागतो. अथवा ३५ वा अधिक असून, इतर सौम्य उपाय थकल्यानंतर, अनियंत्रित मधुमेहासारखा गंभीर सहआजार असावा लागतो. त्याखालील रुग्णाला सारा खर्च, म्हणजे काही लाख रुपये, स्वतःच्या खिशातून भरावा लागतो.

हीच कसोटी शस्त्रक्रियेविना ‘मधुमेहमुक्ती’ची ग्वाही देणाऱ्यांनाही लावली पाहिजे. ब्रिटनमधील एका मोठ्या प्रयोगात कमी उष्मांकाच्या आहाराने ४६ टक्के रुग्णांचे एका वर्षानंतर शमन झाले. मात्र ते सर्व जादा वजनाचे, सहा वर्षांच्या आतील मधुमेह असलेले आणि इन्शुलिन न घेणारे होते. दोन वर्षांनी ते प्रमाण ३६ टक्के झाले, आणि पुढे पाठपुरावा झालेल्यांत पाच वर्षांनी १३ टक्के उरले. शब्द ‘आहार’ असो वा ‘शस्त्रक्रिया’, प्रश्न तेच राहतात.

मग करावे काय?

तथागतांनी कालामांना जे सांगितले, त्याचा आशय आमच्या विद्यालयातील लहान मूलही सांगू शकते: ऐकीव आहे, परंपरेने आले आहे किंवा सांगणारा मोठा आहे, एवढ्यावरून एखादी गोष्ट खरी मानू नका. ही शिकवण परित्राणपाठाच्या वेळेपुरती नाही. घरी आलेल्या वृत्तपत्राला आणि मोबाईलवर फिरणाऱ्या चित्रफितीलाही ती लागू आहे. मथळा वाचून चार प्रश्न विचारावेत. कोणावर केले? किती जणांवर केले? किती वर्षे पाहिले? आणि हे सांगणाऱ्याला त्यातून काय मिळते? चौघांची उत्तरे कात्रणात नसतील, तर ते कात्रण निर्णयासाठी नव्हे.

ज्यांचे वजन खरोखर फार अधिक आहे आणि औषधे करूनही साखर हटत नाही, त्यांनी भीतीपोटी शस्त्रक्रिया नाकारू नये. मधुमेहतज्ज्ञ आणि शल्यचिकित्सक अशा दोघांचे मत घ्यावे, आणि ते दोघे एकाच रुग्णालयातील नसावेत. बाकीच्यांनी आधी साध्या गोष्टी पूर्ण कराव्यात. तीस वर्षांवरील व्यक्तींची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात होते. ती करून घ्यावी. गोळ्यांत खंड पडू देऊ नये. वर्षातून एकदा डोळ्यांचा पडदा, लघवीतील प्रथिने आणि पायांची संवेदना तपासून घ्यावी. अनवाणी चालू नये. आणि एक गोष्ट कधीही करू नये: कोणतीही बातमी वाचून इन्शुलिन स्वतःच्या मनाने बंद करू नये. त्याने जीव जाऊ शकतो.

त्या पालकांचे पुढे काय झाले, हे वाचकांना जाणून घ्यावेसे वाटेल. कात्रणावरील क्रमांकावर आम्ही त्यांच्यासमोरच फोन लावला आणि बी.एम.आय. विसाच्या खाली असलेल्या रुग्णाविषयी विचारले. आधी तपासणीला या, मग बघू, असे उत्तर मिळाले. पुढच्या आठवड्यात आमचे एक सहकारी त्यांना सरकारी रुग्णालयात घेऊन गेले. तेथील डॉक्टरांनी पहिल्यांदा विचारले ते सुईविषयी. गेले वर्षभर ते ती पोटावर एकाच जागी टोचत होते. तेथे गाठ झाली होती आणि इन्शुलिन नीट शोषले जात नव्हते. जागा बदलण्यास शिकविले, मात्रा ठरवून दिली, इन्शुलिन ठेवण्यासाठी ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या मडक्याची युक्ती सांगितली. तीन महिन्यांनंतर त्यांचा एचबीए१सी ११ वरून ८.४ वर आला. तो अजूनही हवा त्याहून अधिक आहे. मधुमेह बरा झालेला नाही, आणि तो होईल असे आम्ही त्यांना सांगितलेले नाही.

वीस गुंठे मात्र त्यांच्याच नावावर आहेत. यंदा त्यांत ज्वारी उभी आहे. त्यांचा मुलगा आता नववीत गेला आहे. सुट्टीत घरी गेल्यावर वडिलांच्या सुईची जागा तो वहीत लिहून ठेवतो: सोमवारी उजवीकडे, मंगळवारी डावीकडे. ती वही त्याने आम्हांस दाखविली, तेव्हा हा लेख लिहावा असे वाटले.